वस्त्राची पारख : नांदेड-लातूर परिसरातील स्त्रियांचे वस्त्र आणि खादीसंस्था

(१) प्रश्नाचे स्वरूप

वस्त्राच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा राजवस्त्रांकडे, जरीच्या शालूंकडे व परदेशी जाणाऱ्या मालाकडे जाते. पैठणीवर जितके लिहिले गेले त्याच्या शतांशानेही नित्याच्या लुगड्यावर लिहिले गेलेले नाही. वास्तविक कोणत्याही प्रदेशातील बहुसंख्य स्त्रियांचे आयुष्य नित्याच्या वस्त्रातच जाते, आणि त्या वस्त्राची निवड करताना त्यांना दोन प्रश्न सोडवावे लागतात. कापड चांगले आहे किंवा नाही, हा पहिला. आणि ते ज्यांनी केले त्यांच्या श्रमाचे मोल त्यांना मिळाले किंवा नाही, हा दुसरा. पहिला प्रश्न पुरातन आहे. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाच्या एका विशिष्ट टप्प्यावर, म्हणजे करणारा आणि नेसणारी यांची गाठ पडेनाशी झाल्यावर, निर्माण झाला. आज जगभर वेगाने बदलणाऱ्या, स्वस्त आणि अल्पायुषी तयार कपड्यांच्या संदर्भात हाच प्रश्न पुन्हा विचारला जात आहे. ढाक्याजवळील सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यानंतर ‘हे वस्त्र कोणी केले?’ असा प्रश्न पाश्चात्त्य ग्राहक विचारू लागले. परंतु या प्रश्नाला संस्थारूपाने उत्तर देण्याचा एक दीर्घ प्रयत्न याच देशात, त्यापूर्वी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ आधी सुरू झाला होता, आणि त्याची एक शाखा नांदेड व उदगीर येथे आजही जिवंत आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात विचार करावयाचा आहे.

(२) नावांची साक्ष

मराठीत स्त्रियांच्या वस्त्रांना जी नावे रूढ आहेत, त्यांकडे पाहिल्यास कापडाची पारख कशी होत असे याची कल्पना येते. ही नावे सामान्यतः तीन वर्गांत पडतात.

पहिला वर्ग स्थलवाचक नावांचा. इरकली, नारायणपेठी, पैठणी, महेश्वरी, चंदेरी ही त्याची उदाहरणे होत. नांदेड-लातूर परिसराच्या दृष्टीने यांतील पहिली दोन विशेष महत्त्वाची. इरकल हे कर्नाटकातील इळकल या गावाचे मराठी रूप. तेथील लुगड्याचे अंग आणि पदर निरनिराळ्या ताण्यांचे असून ते फासे घालून एकमेकांस जोडलेले असतात. लाल पदर आणि त्यावरील पांढरे पट्टे ही त्याची सहज ओळखता येणारी खूण. नारायणपेठ हे गाव आज तेलंगणात असले तरी पूर्वी तेही नांदेडप्रमाणे निझामाच्या राज्यातच होते. चोळीचा खण गुळेदगुड्डहून येई. म्हणजे मराठवाड्याच्या या दक्षिण-पूर्व भागातील स्त्रीच्या अंगावरील वस्त्रे कानडी आणि तेलुगू मुलखांतील मागांवर विणलेली असत, आणि तिला त्यांत काही परकेपणा वाटत नसे. स्थलवाचक नाव हीच येथे हमी होती. विणकर कोण हे ठाऊक नसले तरी त्या गावची रीत ठाऊक असे, आणि रीत मोडली तर नाव जाईल हे विणणारासही ठाऊक असे.

दुसरा वर्ग गुणवाचक नावांचा. ‘पातळ’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. मूळचे विशेषण येथे नाम झाले आणि नेसावयाच्या वस्त्राचाच बोध करू लागले. वस्त्राची प्रतिष्ठा त्याच्या तलमपणावर ठरत होती, हे या एका शब्दावरून स्पष्ट होते. उलट ‘जाडेभरडे’ या शब्दात कापडाच्या वर्णनाबरोबरच ते नेसणाराच्या सामाजिक स्थानाचेही वर्णन आले.

तिसऱ्या वर्गात प्रक्रियावाचक नावे येतात. आणि नित्याच्या वापरातील असे सर्वांत ठळक नाव म्हणजे ‘खादी’. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. कापड विकण्याच्या व्यवहारातील पुष्कळसे शब्द, उदाहरणार्थ जर, तागा, नमुना, रफू, बजाज, हे फारसी-अरबी मार्गाने आलेले आहेत. कापड करण्याच्या व्यवहारातील सूत, पेळू, चाती, माग, फणी, धोटा, पांजणी हे शब्द मात्र देशी परंपरेतील आहेत. करणे आणि विकणे या दोन व्यवहारांची परिभाषा अशी निराळी असावी, ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. विकणारा आणि करणारा हे दोन वर्ग सामाजिकदृष्ट्या पुष्कळ पूर्वीपासून अलग पडत चालले होते, याची ती भाषिक खूण मानता येईल.

(३) कापूस, रेल्वे आणि गिरणी

गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापसाचे पीक पुरातन आहे. येथील देशी कापूस ‘गावरानी’ या नावाने प्रसिद्ध होता, आणि ‘हैदराबाद गावरानी’ ही व्यापारी संज्ञाही रूढ होती. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या हा कापूस आर्बोरियम जातीचा. त्याची मुळे खोल जातात व तो अवर्षणास तोंड देऊ शकतो. देशी कापसाचा धागा सामान्यतः आखूड व जाड असतो. गावरानीचा धागा मात्र देशी वाणांच्या मानाने चांगला मानला जाई. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने या वाणांवर दीर्घकाळ काम केले, आणि पुढे याच केंद्रातून ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण निघून सर्वत्र पसरला. २००२ मध्ये जनुकीय परिवर्तन केलेल्या बीटी कापसास देशात परवानगी मिळाल्यानंतर मात्र देशी वाणांचे क्षेत्र झपाट्याने आटले.

या कापसाचा प्रवास रेल्वेने बदलून टाकला. १९०० च्या सुमारास सिकंदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि नांदेड मुंबईच्या बाजारास जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आला. लातूरची मोठी बाजारपेठ म्हणून झालेली वाढ या मार्गाशी निगडित आहे. ज्या गाडीतून कापसाच्या गाठी बाहेर जात, त्याच गाडीतून गिरणीच्या कापडाचे तागे परत येत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नांदेड येथे सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने उस्मानशाही मिल ही कापडगिरणी उभी राहिली. १९३४ मध्ये वरंगळला आझमजाही मिल निघाली. नांदेडची गिरणी पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि कालांतराने बंद पडली.

गिरणीने स्त्रियांचे हित केले नाही असे म्हणणे इतिहासास सोडून होईल. गिरणीमुळे तलम वस्त्र सामान्य स्त्रीच्या आवाक्यात आले, ज्या स्त्रियांच्या वाट्यास पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड येत होते त्यांनाही ‘पातळ’ नेसता आले, आणि सुताची कताई या वेळखाऊ कामातून पुष्कळ घरे मोकळी झाली. परंतु त्याच वेळी कताईच्या मिळकतीवर ज्या विधवा, वृद्धा आणि भूमिहीन स्त्रिया दिवस काढीत होत्या त्यांचे साधन गेले. साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन इत्यादी विणकर जमातींनी गिरणीचे सूत घेऊन माग चालू ठेवले. कातणारीला मात्र असा पर्याय नव्हता. वस्त्रव्यवसायातील सर्वांत दुर्बळ घटक ही कातणारी स्त्री होती, आणि खादीच्या चळवळीने आपला हिशेब तिच्यापासून सुरू केला, हे तिचे वैशिष्ट्य होय.

(४) ‘खादी’ या शब्दाचा अर्थबदल

खादी किंवा खद्दर हा शब्द गांधीयुगाच्या पूर्वीचा आहे. त्याचा अर्थ जाड सुती कापड एवढाच होता. म्हणजे तो गुणवाचक होता. महाराष्ट्रात गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या कापडाचा पोशाख करून हजेरी लावली, तेव्हा या कापडास स्वदेशीचा अर्थ प्राप्त होऊ लागला. तथापि शब्दाचा निश्चित अर्थबदल झाला तो १९२० नंतर. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. संघाने विक्रीकेंद्रांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धत पाडली, आणि ‘प्रमाणित खादी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आता खादी म्हणजे जाड कापड नव्हे. हाताने कातलेल्या सुताचे, हाताने विणलेले आणि संघाच्या नियमांनुसार मजुरी देऊन तयार केलेले कापड म्हणजे खादी. तलम कापडही खादी असू शकते, आणि जाड कापड खादी नसू शकते. गुणवाचक शब्द प्रक्रियावाचक झाला. हा अर्थविस्तार नव्हे. शब्दाचा पायाच येथे बदलला. संसदेने १९५६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाचा कायदा केला, तेव्हा त्यातील व्याख्येने याच अर्थास वैधानिक रूप दिले. भारतात हातकताई केलेल्या सुती, रेशमी वा लोकरी सुतापासून किंवा त्यांच्या मिश्रणापासून भारतात हातमागावर विणलेले कापड, असे त्या व्याख्येचे स्वरूप आहे.

या प्रक्रियेत मजुरीचा प्रश्न कळीचा ठरला. प्रारंभी खादी स्वस्त व्हावी म्हणून कातणाऱ्या स्त्रियांना अत्यल्प मजुरी दिली जात असे. गिरणीशी स्पर्धा करण्यासाठी कातणारीचीच मजुरी कापली जात होती. १९३५ मध्ये गांधीजींनी ही विसंगती उघड केली, आणि चरखा संघाने त्या वर्षी वर्धा येथे ठराव करून आठ तासांच्या कुशल कामास वस्त्र व किमान पोषक आहार यांना पुरेल इतके वेतन मिळावे, हे तत्त्व स्वीकारले. तासास एक आणा ही गांधीजींची अपेक्षा होती. व्यवहारात आठ तासांस तीन आण्यांपासून सुरुवात झाली. ग्राहकाची सोय आणि कातणारीचा न्याय यांत निवड करावयाची वेळ आली तेव्हा एका विक्रीसंस्थेने आपला माल जाणूनबुजून महाग केला, असे हे उदाहरण आहे.

या निर्णयाचा अर्थ आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब असते. पन्हा ११५ सेंटिमीटर आणि वीण सेंटिमीटरला उभे-आडवे बारा-बारा धागे अशी जाडसर धरली, तर एका लुगड्यास सुमारे २२,६०० मीटर सूत लागते. साध्या चरख्यावर ताशी ३७५ मीटर सूत निघते असे धरल्यास हे साठ तासांचे, म्हणजे आठ तासांच्या साडेसात दिवसांचे काम झाले. तीन आण्यांच्या दराने केवळ कताईची मजुरी १ रुपया साडेसहा आणे, आणि गांधीजींच्या अपेक्षेप्रमाणे तासास एक आणा दिला तर ३ रुपये १२ आणे. त्यावर कापूस, पिंजण, पांजणी, विणाई, धुलाई आणि विक्री यांचा खर्च वेगळा. शेतमजुरीवर जगणाऱ्या घरातील स्त्रीने हे लुगडे घ्यावे अशी अपेक्षा करणे कठीण होते. ज्या स्त्रीने ते कातले तिलाही ते परवडेल किंवा नाही, हाच खरा पेच होता. चरखा संघाने त्यावर काढलेला मार्ग म्हणजे कातणारीने स्वतःही खादी वापरावी हा आग्रह. १९४४-४५ च्या सुमारास याच विचाराची पुढची पायरी म्हणून खादीच्या किमतीचा काही अंश ग्राहकाने स्वतः कातलेल्या सुताच्या रूपाने द्यावा, असा नियम आला. तो फार काळ टिकला नाही. परंतु नेसणारीने करणारीचे श्रम निदान अंशतः अनुभवावे, ही त्यामागील कल्पना लक्षणीय आहे.

(५) हैदराबाद संस्थानातील खादी

ब्रिटिश मुलखात खादीला जो राजकीय अर्थ होता त्याहून हैदराबाद संस्थानातील अर्थ अधिक धोक्याचा होता. संस्थानात राजकीय संघटनेस मोकळीक नव्हती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि त्या विरुद्ध सत्याग्रह झाला. मराठवाड्यात हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा, अंबेजोगाईची योगेश्वरी शाळा यांसारख्या शिक्षणसंस्था या काळी राष्ट्रीय वृत्तीच्या कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान बनल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांचे कार्य याच शाळांतून उभे राहिले. अशा परिस्थितीत खादी नेसणे हे उघड विधान होते. आणि सभा वा मिरवणूक ज्यांना शक्य नव्हती त्या स्त्रियांना हे विधान घराच्या उंबरठ्यातही करता येत असे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानात तिरंगा फडकविणे हा गुन्हा होता. त्या दिवशीच स्वामीजींना अटक झाली. पुढील तेरा महिने रझाकारांच्या अत्याचारांचे होते, आणि सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईनंतर १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत संस्थानाचे तीन भाग झाले. मराठवाडा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हा भाग पूर्वीच्या बिदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. प्रशासकीय रेषांप्रमाणेच खादीच्या संस्थांचीही भाषावार फेररचना झाली. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांच्या प्रेरणेने मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेड हे मुख्य ठाणे करून उभी राहिली, आणि उदगीर हे तिचे महत्त्वाचे उत्पादनकेंद्र झाले. तीन भाषांच्या सीमेवर वसलेल्या उदगीरला विणकामाचे केंद्र व्हावे, यात भूगोलाचाही वाटा आहे.

(६) खादी आणि स्त्रियांची अडचण

खादीच्या इतिहासात स्त्रिया कातणाऱ्या म्हणून ठळकपणे येतात. नेसणाऱ्या म्हणून त्यांची तक्रार मात्र क्वचितच नोंदविली जाते. ही तक्रार वजनाची होती. वर धरलेल्या मोजमापाचे लुगडे १२ अंकाच्या हातसुताचे असेल तर त्याचे वजन सुमारे ११०० ग्रॅम भरते. तेच ६० अंकाच्या गिरणीच्या सुताचे, आणि सेंटिमीटरला चोवीस धागे इतक्या दाट विणीचे असले, तरी ४५० ग्रॅमच्या आसपास राहते. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या, शेतात वाकून खुरपणाऱ्या आणि रोज लुगडे धुऊन पिळणाऱ्या स्त्रीस हा भेद तत्त्वचर्चेचा नव्हता. पुरुषाचे धोतर व टोपी जाड चालते. नऊवारी लुगड्यात तोच जाडपणा दुपटी-तिपटीने वाढतो. खादीधारी पुरुषाच्या घरात स्त्रिया गिरणीचे पातळ नेसत, यात ढोंग पाहण्याचे कारण नाही. त्याचे पुष्कळसे उत्तर सुताच्या अंकात आहे.

ही अडचण तीन गोष्टींनी कमी झाली. पहिली, नऊवारीऐवजी सहावारी साडीचा प्रसार. कापड एक तृतीयांशाने घटले. दुसरी, अंबर चरखा. तमिळनाडूतील एकांबरनाथ यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास तयार केलेल्या या अनेक चात्यांच्या चरख्याने एकसारखे आणि बारीक सूत निघू लागले. १९५५ च्या कर्वे समितीने ग्रामीण रोजगाराच्या दृष्टीने त्याची शिफारस केली. प्रा. द. गो. कर्वे हे या समितीचे अध्यक्ष होते, ही गोष्ट मराठी वाचकांनी स्मरणात ठेवण्यासारखी आहे. तिसरी, लांब धाग्याच्या कापसाचा वापर. मात्र यातून नवा पेच निर्माण झाला. बारीक सुतासाठी पेळू मोठ्या यंत्रांवर व दूरच्या केंद्रांत तयार होऊ लागले, आणि गावचा कापूस गावात पिंजून गावात कातण्याची मूळ कल्पना मागे पडली. वस्त्र नेसण्यास सोयीचे झाले, पण ते गावापासून काहीसे दूर गेले.

हातमागाच्या साडीचे संरक्षण करण्याचा प्रयत्न निराळ्या मार्गाने झाला. १९८५ च्या कायद्याने काठ-पदराच्या साडीसह काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. यंत्रमागधारकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. तोपर्यंत यंत्रमागावर विणलेले ‘इरकली’ आणि ‘नारायणपेठी’ बाजारात भरपूर झाले होते. स्थलवाचक नावाची हमी येथे संपली. नाव गावाचे राहिले. कापड मात्र त्या गावचे असेलच असे नाही.

(७) ध्वजाचे कापड

मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे नाव आज देशभर ज्या कारणाने घेतले जाते ते राष्ट्रध्वजाच्या निर्मितीचे. उदगीर येथे ध्वजाचे कापड विणले जाते आणि नांदेड येथे ध्वज तयार होतात. कर्नाटकातील हुबळी येथील संस्था हे या कार्याचे दुसरे प्रसिद्ध ठिकाण. भारतीय मानकांत ध्वजाच्या मानकास पहिला क्रमांक आहे. ते प्रथम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६४ व १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ या प्रमाणात असावी लागते, आणि मोठ्यात मोठा ध्वज ६३०० × ४२०० मिलिमीटरचा असतो. सुताची ताकद, वीण, रंगाची छटा व त्याचा पक्केपणा, चक्रातील आऱ्यांची मांडणी आणि शिलाई यांची कसोटी लागते. मुख्य अंगास एक प्रकारची खादी आणि दोरी ओवावयाच्या पट्टीस दुसरी, जाड, अशी दोन प्रकारची खादी वापरतात.

वस्त्राच्या पारखेच्या दृष्टीने हे उदाहरण फार बोलके आहे. हातकताईचे सूत असमान असते, म्हणून हातसुताच्या कापडाकडून काटेकोरपणाची अपेक्षा करू नये, असा समज सर्वत्र आहे. ध्वजाच्या कापडाने तो खोटा ठरविला. जे हात मानकाच्या कसोटीस उतरणारे कापड विणू शकतात ते उत्तम साडीही विणू शकतात. उणीव हातांत नव्हती; साडीच्या ग्राहकाने तशी कसोटी मागितली नाही आणि तिचे मोल देण्याची व्यवस्था झाली नाही, ही खरी उणीव. आणि ज्या मुलखात १९४७ मध्ये तिरंगा लावल्याबद्दल तुरुंग मिळत होता तेथेच पुढे तो तिरंगा विणला जाऊ लागला, ही गोष्ट भावनेपुरती मोलाची नाही. मागणी निश्चित असेल, कसोटी स्पष्ट असेल आणि दर त्या कसोटीस धरून असेल, तर ग्रामीण केंद्रेही सर्वोच्च प्रतीचे काम करतात, हा त्यातील ऐतिहासिक धडा होय.

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांस परवानगी मिळाली. २०२२ च्या घरोघरी तिरंगा मोहिमेत अशा ध्वजांचा मोठा खप झाला. त्या वर्षी हुबळीच्या संस्थेने या बदलाचा जाहीर निषेध केला. प्रत्येक घरास ध्वज परवडावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु १९३५ मध्ये चरखा संघापुढे जो प्रश्न होता तोच येथे पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी उत्तर स्वस्ताईच्या बाजूने दिले गेले.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून या परिसरातील स्त्रियांच्या वस्त्राची हमी तीन टप्प्यांतून गेली असे दिसते. प्रथम ती हाताच्या स्पर्शात आणि गावाच्या नावात होती. नंतर ती संस्थेच्या प्रमाणपत्रात आली. आज ती शिक्क्यांत आहे. २००६ चा हातमाग शिक्का आणि २०१३ च्या नियमांनुसार आलेला खादीचा शिक्का ही त्याची रूपे होत. २ ऑक्टोबरच्या सुमारास मिळणारी सूट हे खादी भांडारांचे दीर्घकाळ आकर्षण होते. २०१० पासून सुटीऐवजी उत्पादनावर साहाय्य देण्याची पद्धत आली आणि त्यातील काही वाटा कारागिरांसाठी राखण्यात आला. ही दिशा योग्य होती, कारण सुटीने ग्राहकाची सवय बनते, कातणारीचे जीवन बनत नाही.

तथापि शिक्का हा पारखेचा पर्याय नव्हे. शिक्का एवढेच सांगतो की कापड विशिष्ट रीतीने झाले. ते टिकेल काय, धुतल्यावर आटेल काय, रंग सोडील काय, हे नेसणारीच्या बोटांनाच ओळखावे लागते. काठ आणि अंग यांची वीण सारखी घट्ट आहे किंवा नाही, उलट्या बाजूस सुटे धागे किती, उजेडात धरल्यास वीण विरळ-दाट दिसते काय, पाण्याचा थेंब चटकन जिरतो की खळीवर ठरतो, या कसोट्या मराठवाड्यातील जुन्या स्त्रियांस न शिकविता येत होत्या. त्यांची ती परिभाषा आता लुप्त होत आहे. तयार कपड्यांच्या दुकानात माप विचारले जाते, पोत विचारला जात नाही. उलट पोताची पारख असूनही कातणारीची मजुरी न विचारणारा ग्राहक पूर्वीही होता. चांगले वस्त्र आणि न्याय्य वस्त्र या दोन गोष्टी एकत्र येण्यासाठी बोटांची पारख व संस्थेचे प्रमाण या दोहोंची गरज आहे, आणि त्यांपैकी एकीने दुसरीची जागा घेतली तेव्हा तेव्हा वस्त्र बिघडले किंवा कारागीर नागवला गेला, असे या इतिहासावरून म्हणता येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे एक तातडीचे काम आहे. उदगीर, नांदेड आणि आसपासच्या गावांतील कातणाऱ्या व विणणाऱ्या स्त्री-पुरुषांची शब्दसंपत्ती, त्यांतील मराठी, कानडी, तेलुगू व दख्खनी यांचे मिश्रण, सुताच्या दोषांची आणि गुणांची नावे, मजुरी मोजण्याच्या संज्ञा, हे सर्व अद्याप काही वृद्धांच्या मुखी आहे. त्याचा संग्रह झाल्यास भाषेच्या अभ्यासास मोलाचे साहित्य मिळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांच्या नावाने या व्यवसायाचे हिशेब लिहिले गेले परंतु ज्यांना त्यांत स्वतःचा शब्द लिहिता आला नाही, त्या कातणाऱ्या स्त्रियांची बाजू प्रथमच त्यांच्या परिभाषेत नोंदविली जाईल.